उलट्या वाटेचं पाणी



या टेबलावर मी दोन वस्तू मांडल्या आहेत. एक, जुन्या बोटीच्या इंजिनावरून उतरवलेला कूलर. दुसरी, आज बंदरावर घेतलेला बांगडा, बर्फाच्या डब्यात ठेवलेला. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते वस्तू हातात दिल्याशिवाय विज्ञान शिकवत नसत. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे आयुष्य कारखान्यांतल्या नळ्या मोजण्यात गेलं, पण सवय त्यांचीच राहिली.

आधी कूलर बघू. तुम्हा नाखवा-तांडेलांपैकी निम्म्या लोकांनी याला हात लावलेला आहे. पुस्तकातलं नाव ‘शेल अँड ट्यूब हीट एक्स्चेंजर’. बाहेर एक नळकांडं, तो शेल. आत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळ्यांचा जुडगा, त्या ट्यूब. दोन्ही टोकांना चाळणीसारख्या भोकं पाडलेल्या जाड तबकड्या, नळ्यांची तोंडं त्यांत घट्ट बसवलेली. नळ्यांतून समुद्राचं खारं पाणी जातं आणि नळ्यांच्या भोवतालून इंजिनाचं गोडं पाणी. खारं पाणी नळीतच का? कारण ते गाळ आणतं, खार आणतं, गंज आणतं. झाकण उघडून नळीत ब्रश घालता येतो. नळ्यांच्या जुडग्यामध्ये तो घालता येत नाही. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत. मध्ये धातूचा पातळ पापुद्रा. शिवते ती फक्त उष्णता.

आता माझा प्रश्न. खारं पाणी या टोकाने आत सोडायचं की त्या टोकाने? म्हणजे दोन्ही प्रवाह एकाच दिशेने चालवायचे, की एक इकडून आणि एक तिकडून? पहिल्याला समांतर प्रवाह म्हणतात, दुसऱ्याला प्रतिप्रवाह. नळ्या त्याच, पंप तोच, पाणी तेवढंच. बदलायची आहे फक्त होजपाइपची जागा. त्याने फरक पडतो का? पडतो तर किती? आणि कुठे पडत नाही? हे शेवटचं विचारायला लोक विसरतात, मीही एकदा विसरलो होतो. ते पुढे सांगतो.

उष्णता आपल्या मर्जीने कुठेही जात नाही. तिला उतार लागतो. एकीकडे जास्त तापमान, दुसरीकडे कमी; हा जो फरक, तोच तिला ढकलतो. फरक मोठा तर ओघ मोठा, फरक संपला की ओघ संपला. म्हणून हीट एक्स्चेंजरमध्ये आपण खर्च करतो तो खरं तर फरक. तो कसा खर्च करायचा, एवढाच प्रश्न आहे.

आकडे घेऊ. गरम पाणी ९० अंशांचं, गार पाणी ३० अंशांचं, आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात वाहताहेत, लिटरला लिटर. समांतर प्रवाहात ही दोघं एकाच टोकाला भेटतात. भेटतानाच ६० अंशांचा फरक. उष्णता धो धो जाते. पण दोघं हातात हात घालून पुढे निघाल्यामुळे हा निवत जातो, तो तापत जातो, आणि दोघंही साठाच्या जवळ येतात. साठ आणि साठ. आता उरलं काय? नळी कितीही लांब करा, मैलभर करा, साठाच्या पुढे एक अंश जाणार नाही. पंगतीत नवखा वाढपी पहिल्या चार पानांवरच अर्धं श्रीखंड रिकामं करतो आणि शेवटच्या पानांपर्यंत पोचेतो भांड्याचा तळ खरवडत असतो, तसं हे आहे.

आता एक होज इकडची तिकडे करा. ९० अंशांचं पाणी आत येतं तिथे त्याला भेटतं ते बाहेर पडायच्या बेतात असलेलं, चांगलं तापलेलं पाणी. आणि निवून बाहेर पडणाऱ्याला शेवटी भेटतं ते नुकतंच आत आलेलं, ३० अंशांचं कोरं गार पाणी. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा फरक शिल्लक राहतो. कुठेही उधळपट्टी नाही, कुठेही उपास नाही. इथे साठाची भिंत नाही.

ठरावीक नळ्यांच्या एका कूलरमध्ये प्रतिप्रवाहाने गरम पाणी नव्वदावरून ६० पर्यंत उतरतं असं धरा. त्याच नळ्यांत समांतर प्रवाहाने ते ६४ पर्यंत उतरतं. चार अंशांचा फरक, फार नाही. आता नळ्या दुप्पट करा. प्रतिप्रवाहात ५० आले. समांतरात? साडेसाठ. तिप्पट करा. प्रतिप्रवाहात ४५, समांतरात साठच. म्हणजे तिसऱ्या वाट्याच्या नळ्यांसाठी मोजलेले पैसे समांतर प्रवाहात पाण्यात गेले. आणि दुसरी गोष्ट नीट ऐका: प्रतिप्रवाहात गरम पाणी ४५ वर बाहेर पडलं तेव्हा गार पाणी तापून ७५ वर पोचलेलं असतं. गार म्हणून आत आलेलं पाणी गरम म्हणून आलेल्यापेक्षा तीस अंशांनी वरचढ होऊन बाहेर पडतं! पहिल्यांदा हे गणित सुटलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो. उष्णता कुठेही उलटी चढलेली नाही. प्रत्येक ठिकाणी ती उतारानेच गेली आहे. केवळ दिशेच्या बळावर दोघांनी आपापल्या जागा जवळजवळ बदलल्या.

खरा शेल अँड ट्यूब काही एवढा सरळ नसतो, हेही सांगितलं पाहिजे. शेलमध्ये आडव्या तबकड्या बसवतात, त्यांना बॅफल म्हणतात. त्यामुळे बाहेरचं पाणी नागमोडी, नळ्यांना आडवं कापत जातं. शिवाय जागा वाचवायला नळ्यांतलं पाणी एकदा जाऊन परत फिरवतात. म्हणजे जाताना समांतर आणि येताना प्रतिप्रवाह, किंवा उलट. अर्धं हे, अर्धं ते. एकच काम तीन तऱ्हांनी करून बघू: गरम ९० वरून ६० वर आणायचं, गार ३० वरून ५० वर जाऊ द्यायचं. शुद्ध प्रतिप्रवाहाला ८० नळ्या लागल्या, तर जाऊन परत फिरणाऱ्या रचनेला ८८ लागतात आणि समांतर प्रवाहाला १००. तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या वीस नळ्यांची किंमत काय होते, ते खरेदी करणाऱ्याला विचारा.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग झालं तर. प्रतिप्रवाह चांगला, समांतर वाईट. मीही असंच म्हणत होतो, आणि माझी ही समजूत इथेच, हर्णेच्या बंदरात मोडली.

बरीच वर्षं झाली. नारळी पौर्णिमा होऊन बोटी नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. जून-जुलैच्या बंदीत एका ओळखीच्या नाखव्याने सहा सिलिंडरचं इंजिन खोलून घेतलं होतं. कुठल्या वर्कशॉपमध्ये, ते सांगायची गरज नाही. बोट पाण्यात गेली आणि पूर्ण वेगावर इंजिन तापू लागलं. थर्मोस्टॅट बदलून झाला, पंप बदलून झाला. मी सुटीवर घरी आलेलो. नाखवा म्हणाला, “भाऊ, तुम्ही एवढे शिकलेले, जरा बघा.” छोट्या होडीतून मोठ्या बोटीवर गेलो, इंजिनरूममध्ये वाकून कूलरच्या चारही तोंडांवर हात ठेवून बघितलं. इंजिनाकडून गरम पाणी ज्या टोकाला आत येत होतं, त्याच टोकाला समुद्राचं पाणी थंडगार आत शिरत होतं. होज उलट्या जोडल्या होत्या. समांतर प्रवाह! मला वाटलं, चोर सापडला. सगळ्यांसमोर तसं बोलूनही बसलो. होज बदलल्या. इंजिन पूर्ण वेगावर नेलं. तापमापकाचा काटा जेमतेम हलला.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो, जे आधी करायला हवं होतं ते. इंजिनाचं पाणी ८५ वर येतं आणि ७५ वर परत जातं. समुद्राचं पाणी २८ वर येतं आणि ४५ वर बाहेर पडतं. समांतर प्रवाहात उष्णतेला ढकलणारा सरासरी फरक निघतो ४२ अंश. प्रतिप्रवाहात साडेत्रेचाळीसच्या आसपास. तीन टक्के! इतकाच. का? कारण इथे फरकाची चंगळ आहे. समोर अख्खा अरबी समुद्र, हवं तेवढं गार पाणी, फुकट. गरम पाण्याला फक्त ७५ पर्यंत उतरायचं आहे, त्याला २८ च्या जवळपासही जायचं नाही. अशा ठिकाणी दिशेला किंमत नसते.

मग इंजिन का तापत होतं? दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. नळ्यांची तोंडं गाळाने भरलेली, आणि कितीतरी नळ्यांत पंपाच्या रबरी पात्यांचे तुकडे जाऊन अडकलेले. जुना इम्पेलर तुटला होता, नवा बसवताना तुकडे कुठे गेले हे कुणी शोधलंच नव्हतं. ब्रश घालून नळ्या साफ केल्या आणि काटा जागेवर आला. ज्या कारागिरावर मी उलट्या होजचं खापर फोडलं होतं, त्याची होजची चूक होतीच, पण बोट तापली ती त्या चुकीने नव्हे. हे त्याच्या तोंडावर सांगायला मी पुन्हा गेलो, आणि आज तुमच्यापुढेही सांगतो आहे.

तेव्हापासून माझा प्रश्न बदलला. कुठला प्रवाह चांगला, हे मी विचारत नाही. फरक किती आहे आणि तो किती जपून वापरायचा आहे, हे विचारतो.

जपून कुठे वापरावा लागतो? दुधाच्या डेअरीत बघा. आरेपासून वारणेपर्यंत कुठेही जा. दूध ४ अंशांवर येतं, ते ७२ पर्यंत तापवून पंधरा सेकंद धरायचं, आणि पुन्हा गार करायचं. तापवायला इंधन, गार करायला वीज, दोन्हीकडून खर्च. मग शहाणपण काय? बाहेर पडणाऱ्या गरम दुधानेच आत येणारं गार दूध तापवायचं. तिथे नळ्यांऐवजी पत्र्यांचा एक्स्चेंजर असतो, पण तत्त्व हेच. दोघं एकाच दिशेने गेले तर गार दूध जास्तीत जास्त ३८ पर्यंत तापेल, कारण चार आणि बहात्तर यांच्या मधोमध अडतीस. उलट दिशेने नेलं की ते ६५ पर्यंत सहज जातं. उरलेले सातच अंश वाफेने द्यायचे. लाखो लिटर दुधावर रोज केवढं इंधन वाचत असेल, ते तुम्हीच बघा. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ साली हवेचं पाणी केलं, म्हणजे हवा द्रवरूप केली, तीही याच युक्तीने. आतून गार होऊन परतणारी हवा, आत येणाऱ्या हवेला उलट दिशेने गार करत बाहेर काढायची. असं करत करत उणे १९० च्याही खाली पोचले. समांतर नळीत ते जन्मात जमलं नसतं.

आणि कुठे दिशेने काहीच होत नाही? बर्फाच्या कारखान्यात. तुम्ही ज्या लाद्या फोडून बोटीत भरता, त्या गोठवणारा अमोनिया कंडेन्सरमध्ये वाफेचा द्रव होतो तेव्हा त्याचं तापमान बदलत नाही, जिथल्या तिथे राहतं. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून समुद्राच्या पाण्याने वाफेचं पाणी होतं, तिथेही तेच. एकजण जागेवरच उभा असेल तर दुसरा कुठल्या बाजूने आला, याला अर्थ उरत नाही.

आता समांतर प्रवाहाची बाजू. ती मांडायलाच हवी, कारण तिचा उपकार मी स्वतः घेतला आहे. लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एक रसायन ११० वरून ७० अंशांवर आणायचं होतं. ते ५५ ला गोठायचं. पाणी ३० चं येऊन ४५ वर जाणार. पुस्तकाप्रमाणे प्रतिप्रवाह बसवला. आठवड्याला एक्स्चेंजर तुंबायचा, आणि प्रत्येक वेळी गार टोकालाच. तिथे ७० अंशांचं रसायन आणि ३० चं पाणी. मधल्या नळीची भिंत साधारण पन्नासावर. रसायन सत्तरावर असलं तरी भिंतीला लागलेला थर पन्नासावर येऊन गोठत होता, तुपाच्या बरणीच्या कडेला तूप थिजतं तसा. आम्ही दिशा बदलली, समांतर केली. आता शेवटच्या टोकाला ७० चं रसायन आणि ४५ चं पाणी, भिंत साडेसत्तावन्नाच्या आसपास. गोठायचं थांबलं. त्याबद्दल काय मोजलं? नळ्या नऊ टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या. कुणीही आनंदाने मोजेल. समांतर प्रवाह भिंतीला कुठे फार तापू देत नाही आणि कुठे फार गारठू देत नाही. जिथे माल नाजूक आहे, तिथे हा गुण सोन्याच्या मोलाचा.

तुमच्या-माझ्या घरांतही समांतर प्रवाह होता. तांब्याचा बंब आठवतो ना? मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी. म्हणजे शेल आणि ट्यूबच की! आमच्या बंबाच्या नरसाळ्यात थंड पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडायचं. जाळ खालून वर, पाणीही खालून वर. म्हणून धुराड्याशी धूर कायम कढत. त्याच्याजवळ पाणी होतं तेच सगळ्यात तापलेलं, मग त्याने उष्णता टाकावी कुणाकडे? आई त्या धुरावर ओली लाकडं वाळवायची. वाया चाललेल्या उष्णतेचा तिने आपल्यापरीने हिशेब लावला होता.

आता बांगडा.

मासा ताजा आहे की नाही बघायला तुम्ही काय करता? कल्ल्याचं झाकण उचलता आणि आतला लाल रंग बघता. रोज शेकडो वेळा. आज तो लाल रंग जरा जास्त वेळ बघा. कमानीला लागलेल्या लाल झालरी दिसतील. त्या झालरीच्या प्रत्येक धाग्यावर, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक चकत्यांची रांग असते, आणि त्या चकत्यांतून रक्त वाहतं. पाणी तोंडातून आत येतं, चकत्यांमधून जातं आणि झाकणाखालून बाहेर पडतं. आणि रक्त? रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं.

ही उठाठेव कशासाठी? एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. आपल्या कोमट समुद्राच्या एक लिटर पाण्यात पाचसुद्धा भरत नाही. वर पाणी हवेच्या आठशेपट जड, ते सतत ढकलत राहायचं. इथे चंगळ नाही. इथे दुष्काळ आहे. जिथे दुष्काळ, तिथे दिशेला किंमत. बाहेर पडायच्या बेतातलं, प्राणवायूने भरत आलेलं रक्त अगदी कोऱ्या पाण्याला भेटतं, म्हणून अजून थोडा घेऊ शकतं. आणि नुकतंच आलेलं रितं रक्त निघून जाणाऱ्या पाण्यातलं उरलंसुरलंही ओढून घेतं. टेंच नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केला. पाणी नेहमीच्या वाटेने जात होतं तेव्हा त्यातला ५१ टक्के प्राणवायू मासा घेत होता. पाणी उलटं फिरवून रक्ताच्या दिशेने सोडलं, तर फक्त ९ टक्के. त्या नाखव्याच्या बोटीत होज बदलून तीन टक्क्यांचा फरक पडला होता. इथे जीव जाईल इतका पडला.

कुपा तुम्ही कापता तेव्हा मांस लालभडक निघतं, आणि तो बर्फात लवकर घातला नाही तर इतर माशांआधी बिघडतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं अंग पाण्यापेक्षा गरम असतं. बाकीच्या बहुतेक माशांना हे का जमत नाही? कारण कल्ल्यात प्राणवायू घेताना रक्ताची सगळी ऊब पाण्यात जाते. कुप्याने त्यावर तोड काढली आहे. स्नायूंकडून परतणारं गरम रक्त आणि कल्ल्याकडून येणारं गार रक्त, हजारो बारीक नळ्यांच्या जुडग्यात शेजारी शेजारी उलट्या दिशांनी जातं. ऊब कल्ल्यापर्यंत पोचतच नाही, मध्येच परत फिरते. डेअरीतल्या दुधासारखीच.

आणि आपल्या समोरच्या समुद्रात सकाळी उसळी मारताना दिसतात ते डॉल्फिन. त्यांच्या वल्ह्यांत, शेपटीत मधोमध धमनी आणि तिच्याभोवती शिरांचं कडं. मध्ये ट्यूब, बाहेर शेल, प्रवाह उलट. अंगातली ऊब वल्ह्यातून समुद्रात वाया जाऊ नये म्हणून. पण जोरात पोहून डॉल्फिन तापला तर? धमनी फुगते, भोवतीच्या शिरा दाबल्या जातात, आणि रक्त कातडीजवळच्या दुसऱ्या शिरांतून परत फिरतं. उष्णता सरळ समुद्रात टाकली जाते. एक्स्चेंजर हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बाजूला. तुमच्या इंजिनात हेच काम थर्मोस्टॅट करतो, जो बरेच जण काढून फेकून देतात. तो फेकू नका, मी हात जोडून सांगतो. इंजिन गार असताना पाण्याने कूलरकडे जायचं नाही, आणि ते अडवणारा तोच आहे.

आता पुढे या. कूलरचं झाकण मी सैल करून ठेवलं आहे, मुलांना नळ्यांच्या तोंडांतून आरपार बघता येईल. त्यातल्या सात नळ्या मी मुद्दाम साफ केलेल्या नाहीत. बांगड्याचा कल्ला मात्र मोठ्या माणसाने उचलून धरा, झालर नाजूक असते. भिंग टेबलावर डाव्या हाताला आहे.